सातवीतला लेक घरातही गप्प झालाय. घरात मराठी बंद करणं बरोबर आहे का?

कराडकर_आई

नमस्कार मंडळी. इथे पहिल्यांदाच लिहितेय, थोडं लांबेल.

आम्ही कराडजवळचे. मिस्टर दोन वर्षांपासून न्यू जर्सीत नोकरीला आहेत. मी आणि मुलगा दिवाळी उरकून नोव्हेंबरात इथे आलो. मुलगा बारा वर्षांचा आहे. तिकडे सातवीत होता, इथल्या सरकारी मिडल स्कूलमध्येही सातवीतच घेतलं. तिकडे तो सेमी इंग्रजीत शिकत होता, म्हणजे गणित आणि विज्ञान इंग्रजीतून, बाकी सगळं मराठीतून. अभ्यासात हुशार, शाळा सुटली की आजोबांबरोबर तालमीत जायचा. बोलका एवढा की मी भाकरी थापायला घेतली की ओट्याशी स्टूल ओढून बसायचा आणि दिवसभरातलं सगळं सांगायचा.

प्रवेशाच्या वेळी लसींचे कागद आणि घरभाड्याचा करार दिला, आणि घरी कोणती भाषा बोलता असा एक फॉर्म होता त्यात मराठी लिहिलं. मग एका बाईंनी कॉम्प्युटरवर त्याची इंग्रजीची चाचणी घेतली. ‘एंटरिंग’ असा निकाल आला, म्हणजे सगळ्यांत खालची पायरी. आता रोज एक तास ईएसएलचा, म्हणजे इंग्रजी नव्याने शिकणाऱ्या मुलांचा असतो, बाकीचे तास सगळ्यांबरोबर.

पहिल्या दिवशी घरी येऊन म्हणाला, "आई, सर आत आल्यावर मी एकटाच उभा राहिलो." सांगताना हसला होता. त्यानंतर शाळेचं काही हसून सांगितल्याचं मला आठवत नाही.

दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात एकदा मी त्याचं दप्तर उचलायला गेले तर मलाच उचलेना. सगळी पुस्तकं, वह्या, जिमचे बूट, वर थंडीचं जाकीट कोंबलेलं. शाळेत लॉकर दिलाय ना, म्हटलं. तर खाली बघून म्हणाला, उघडत नाही. आकडे फिरवायचं कुलूप आहे, एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे, आणि दोन तासांच्या मध्ये चार मिनिटं मिळतात. तीन आठवडे हे पोर सगळं ओझं पाठीवर घेऊन जिने चढउतार करत होतं. कुणाला विचारलं का नाहीस, म्हटलं, तर म्हणाला, "काय म्हणून विचारू?" त्याला त्या गोष्टीला काय म्हणतात तेच माहीत नव्हतं.

डिसेंबरात पालकसभा झाली. गणितात ८८, विज्ञान बरं, सामाजिक शास्त्रात जवळजवळ शून्य, आणि वर्गात बोलत नाही असा सगळ्यांचाच शेरा. समुपदेशक बाई प्रेमळ आहेत, पण त्यांनी सांगितलं की घरी इंग्रजीच बोला, म्हणजे लवकर सुधारेल. मिस्टरांनी ते मनावर घेतलं. त्या रात्रीपासून घरात मराठी बंद. माझं शिक्षण बारावीपर्यंत, वाचलेलं कळतं, पण बोलताना मी अडखळते. जेवताना तिघेही गप्प बसतो. आज काय झालं विचारलं की "फाइन" म्हणतो, आणि ताट उचलून आत जातो.

मागच्या रविवारी आजोबांचा व्हिडिओ कॉल आला. त्यांनी विचारलं, "काय रं, गप का बसलायस?" तर पोरानं उत्तर द्यायच्या आधी बापाच्या तोंडाकडे बघितलं. मराठीत बोलू का, असं विचारल्यासारखं. ते बघून माझ्या पोटात कालवलं. तेव्हापासून झोप नाही.

मिस्टर वाईट नाहीत, त्यांना पोराची काळजीच आहे. पण हे बरोबर चाललंय का? तुमची मुलं या वयात आली तेव्हा तुम्ही काय केलंत? आणि शाळेकडे नक्की काय मागता येतं? आम्हाला मागायची सवय नाही.

डॅलसचा_बाबा

ताई, मनाला लावून घेऊ नका. आम्ही आलो तेव्हा मुलगी दुसरीत होती. पहिल्या दिवसापासून घरात इंग्रजी, टीव्ही इंग्रजी, गोष्टींची पुस्तकं इंग्रजी. सहा महिन्यांत बोलायला लागली, वर्षभरात ईएसएलमधून बाहेर. मिस्टरांचं बरोबर आहे असं मला वाटतं. पहिलं वर्ष जरा कठोर व्हावं लागतं. मराठी काय, आजी-आजोबांकडून नंतरही शिकता येते. इंग्रजी लांबली तर आठवी-नववीत विषय निवडताना मूल मागे पडतं. अनुभवाने सांगतोय, राग मानू नका.

भाषेचा_तास

ताई, मी मूळची नागपूरची. गेली अकरा वर्षं इथे मिडल स्कूलमध्ये ईएसएल शिकवते, म्हणजे तुमच्या लेकासारखी मुलं हेच माझं रोजचं काम. पहिल्यांदा एवढंच सांगते: आज रात्रीपासून घरात मराठी परत सुरू करा. आणि ते मिस्टरांनी स्वतः, त्याच्यासमोर सांगावं. मनाई त्यांनी केली होती, तर मोकळीकही त्यांच्याच तोंडून यायला हवी.

डॅलसच्या दादांचा अनुभव खरा आहे, पण त्यांची मुलगी दुसरीत होती. दुसरीच्या पुस्तकात सगळ्यांनाच नवं वाचायला शिकवत असतात. सातवीत तसं नसतं. सातवीतल्या इंग्रजीचे दोन भाग समजा. एक मैदानावरचं, जेवणाच्या टेबलावरचं, ते साधारण दोन वर्षांत येतं. दुसरं पुस्तकातलं, कारण-परिणाम, तुलना, युक्तिवाद मांडायचं, त्याला पाच ते सात वर्षं लागतात. टोरांटोचे जिम कमिन्स यांनी हा फरक १९७९ साली मांडला आणि आम्हा ईएसएल शिक्षकांचं बरंचसं काम त्यावर उभं आहे. या पाच-सात वर्षांत मुलाचं डोकं थांबवून ठेवायचं का? ते चालत राहतं ते त्याला पूर्ण येणाऱ्या भाषेत. तुमच्या लेकाची ती भाषा मराठी आहे. तुमच्याकडचं शहाणपणही सगळं मराठीतच आहे ना? अडखळत्या इंग्रजीतून त्याला तुमचं अडखळणंच मिळणार.

आता ते ८८ आणि शून्य. सेमी इंग्रजी म्हणजे काय हे इथे कुणालाही माहीत नसतं. त्यांना कागदावर दिसतं ते एवढंच, की मुलगा गणितात चांगला आणि सामाजिक शास्त्रात काहीच कळत नाही. पण गणिताचे शब्द त्याला आधीपासून इंग्रजीत येतात. अक्षांश, रेखांश, उद्देशिका, मूलभूत हक्क हे सगळं त्याला येतं, फक्त मराठीत येतं. म्हणून अर्ध्या पानाची एक चिठ्ठी लिहा: कोणता विषय कोणत्या इयत्तेपर्यंत कोणत्या भाषेत शिकला. सोबत सहावीच्या प्रगतिपुस्तकाची प्रत, प्रत्येक विषयापुढे इंग्रजी नाव लिहून. ईएसएल शिक्षिका, समुपदेशक आणि सामाजिक शास्त्राचे शिक्षक, तिघांना एकाच ईमेलवर पाठवा. माझ्याकडे अशी चिठ्ठी घेऊन येणारे पालक वर्षात एखाददुसरेच, आणि ती हातात आली की माझं दोन महिन्यांचं चाचपडणं वाचतं.

रोज संध्याकाळी दहा मिनिटं एक गोष्ट करा. उद्या सामाजिक शास्त्रात काय आहे ते शाळेच्या ऑनलाइन वर्गात बघा आणि त्याला आदल्या रात्री मराठीत सांगा, किंवा त्यालाच सांगू द्या. समजा अमेरिकेचं संविधान आलं. त्याची सुरुवात ‘वी द पीपल’ अशी होते. आपल्या बालभारतीच्या पुस्तकात सुरुवातीलाच छापलेलं ‘आम्ही, भारताचे लोक’ त्याने वर्षानुवर्षं पाहिलेलं आहे. एवढं जोडून दिलं तर दुसऱ्या दिवशी तो धडा त्याला परका राहत नाही, शिक्षकांचे निम्मे शब्द निसटले तरी मुद्दा हातात राहतो. उत्तरसुद्धा आधी मराठीत लिहू दे. मग त्यातली तीन वाक्यं इंग्रजीत. माझ्या वर्गात मुलं स्पॅनिशमध्ये, अरबीत, युक्रेनियनमध्ये कच्चं लिहितात. मला यांतली एकही भाषा वाचता येत नाही, तरी कुणी अर्धं पान भरलं आणि कुणी दोन ओळींत अडलं हे मला दिसतं.

लॉकरचं वाचून मला फार वाईट वाटलं, कारण ते आम्हा शिक्षकांना दिसायला हवं होतं. तीन आकड्यांचं तसंच कुलूप हार्डवेअरच्या दुकानात मिळतं. एक आणा आणि जेवणाच्या टेबलावर ठेवा. उजवीकडे फिरवत पहिला आकडा, मग डावीकडे, पहिला आकडा एकदा ओलांडून, दुसऱ्यावर थांबायचं, मग पुन्हा उजवीकडे थेट तिसऱ्यावर. घाई नसताना वीस वेळा केलं की हाताला येतं. आणि ‘काय म्हणून विचारू’ यासाठी मी नव्या मुलांना सगळ्यांत आधी जे वाक्य शिकवते त्यात कुठल्याच वस्तूचं नाव नसतं. बोट दाखवायचं आणि म्हणायचं, ‘आय कान्ट ओपन धिस, कॅन यू हेल्प?’ ‘धिस’ या एका शब्दावर पहिला महिना निघतो. स्वतःचं नाव, गाव, आवडता रंग हे नंतर. नाव तर त्याला कुणीही विचारेल, पण अडलं तर सांगता आलं पाहिजे.

आपल्या मुलांचं आणखी एक. शिक्षक रागावले की आपली मुलं मान खाली घालतात, तो आदर असतो. इथे तो दुर्लक्ष समजला जातो. कळलं म्हणून आपण मान डोलवतो, ती इथे नाही म्हटल्यासारखी दिसते. भागाकार मांडताना भागाकाराचा आकडा आपण उजवीकडे लिहितो, इथे वर. लाखाचा स्वल्पविराम वेगळा पडतो. यात त्याची काही चूक नाही, शिक्षकांना सांगा आणि त्यालाही सांगा.

हक्कांचं विचारलंत. वर्षाच्या मध्येच मुलाला ईएसएलमध्ये घातलं, तर दोन आठवड्यांत तसं पत्र पालकांना यायला हवं. त्याची पातळी काय, कोणता कार्यक्रम, किती वेळ, हे त्यात असतं. ते तुम्हाला कळेल अशा भाषेत मागता येतं. पालकसभेला दुभाषा मागता येतो, फोनवर का होईना, आणि त्याचे पैसे लागत नाहीत. मुलाला स्वतःच्याच पालकसभेत दुभाषा करू नका. राज्याच्या इंग्रजीच्या परीक्षेतून देशात येऊन बारा महिने न झालेल्या मुलांना पहिल्या वेळी सूट मिळू शकते, गणिताच्या मात्र नाही. शब्दाला शब्द देणारा मराठी-इंग्रजी शब्दकोश आणि जादा वेळ, दोन्ही मागा.

हे मागताना संकोच करू नका. १९७४ साली सॅन फ्रान्सिस्कोतल्या चिनी कुटुंबांच्या खटल्याचा सर्वोच्च न्यायालयात निकाल लागला. सुमारे १८०० मुलं इंग्रजी येत नसताना, कसलीही मदत नसताना वर्गात बसवली होती. शाळेचं म्हणणं होतं की सगळ्यांना सारखीच पुस्तकं दिली आहेत. न्यायालयाने सांगितलं की जी भाषा मुलाला कळतच नाही तिच्यात सारखी पुस्तकं देणं ही समान वागणूक नव्हे. माझी नोकरी आहे ती त्या आयाबापांमुळे.

शाळेतल्या गप्प बसण्याची मला फार भीती नाही. नवी मुलं काही आठवडे, काही महिनेही बोलत नाहीत, तेव्हा ती ऐकत असतात. घरातल्या गप्पपणाची भीती वाटते. तो आजच्या आज संपवा.

कराडकर_आई

मॅडम, तुमचं सगळं मिस्टरांना मोठ्याने वाचून दाखवलं. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग एकच विचारलं: मी आणि मुलगा एच-फोर वर, म्हणजे मिस्टरांच्या नोकरीमुळे मिळालेल्या कुटुंबाच्या व्हिसावर आहोत, शाळेत असं मागत राहिलो तर व्हिसाला काही होणार नाही ना?

भाषेचा_तास

अजिबात नाही. तुमच्या व्हिसाशी शाळेचा संबंध नाही. १९८२ च्या टेक्सासच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ठरवून दिलं आहे की ज्यांच्याकडे कागदपत्रंच नाहीत अशा मुलांनाही सरकारी शाळा नाकारता येत नाही. तुमचे तर सगळे कागद आहेत. मिस्टरांना सांगा, निर्धास्त मागा.

ओहायोतला_सांगलीकर

वहिनी, तुमच्या प्रश्नातल्या एका शब्दावर मी थांबलो. तालीम.

मी १९९४ साली बाराव्या वर्षी सांगलीहून ओहायोत आलो. मराठी शाळेतून थेट सातवीत. त्या वेळी आमच्या शाळेत ईएसएल म्हणजे आठवड्यातून दोनदा एक बाई दुसऱ्या शाळेतून यायच्या. वर्गात मी पाच महिने तोंड उघडलं नाही. आकडा अंदाजाने सांगत नाही, आईने कॅलेंडरवर खूण करून ठेवली होती. लोकांना वाटायचं मी लाजतोय. लाजत नव्हतो. डोक्यात वाक्य जुळेपर्यंत विषय पुढे गेलेला असायचा. हात वर करायचा तर चार वाक्यं आधी करायला हवा होता.

जिमच्या तासाला गाद्या अंथरलेल्या दिसल्या. सरांनी जोड्या लावल्या. माझ्यापेक्षा वीतभर उंच पोरगा समोर आला, आणि मी जन्मात पहिल्यांदा त्या शाळेत काय करायचं हे न विचारता केलं. पट काढून त्याला खाली घेतला. सरांनी शिट्टी वाजवली, मला वाटलं चुकलं काहीतरी. ते जवळ येऊन म्हणाले, ‘अगेन’. हा शब्द मला येत होता.

इथली शाळेतली कुस्ती आपल्यापेक्षा वेगळी आहे. माती नाही, गादी. आपल्याकडे चीतपट केलं की संपलं, इथे दोन्ही खांदे टेकवण्याआधी गडी पाठीवर आणून किती वेळ धरलास, सुटलास कसा, यालाही गुण असतात. पण पट काढणं, कमरेची पकड, तोल जाऊ न देणं हे सगळं कामाला येतं. मिडल स्कूलचा हंगाम साधारण हिवाळ्यात असतो, म्हणजे आत्ता चालू असेल. मध्येच घेतात का ते विचारा. न्यू जर्सीत कुस्तीचं वेड भरपूर आहे.

माझं सांगतो. वर्गातलं पहिलं वाक्य पाच महिन्यांनी आलं, पण गादीवर पहिल्या आठवड्यात मला दहा शब्द येत होते: शॉट, स्प्रॉल, हाफ, ब्रेक, हेड अप. हे शब्द अंगाने शिकलो, म्हणून विसरलो नाही. उलटं पण झालं. कोचने विचारलं, तू हे जे करतोस त्याला तुमच्यात काय म्हणतात. मी म्हटलं धोबीपछाड. सगळी पोरं आठवडाभर ते म्हणायचा प्रयत्न करत होती. मला येणारं आणि त्यांना न येणारं असं काही असू शकतं हे मला तोवर सुचलंच नव्हतं.

तुमच्या कराडपासून गोळेश्वर हाकेच्या अंतरावर. खाशाबा जाधव १९५२ ला हेलसिंकीहून ब्राँझ घेऊन आले ते त्याच गावचे. आजोबांनी लेकाला सांगितलं असणारच. तो ते कोचला सांगू शकतो. ‘ऑलिम्पिक, माय व्हिलेज, निअर’ एवढ्या तीन तुकड्यांत सांगता येतं.

कुस्ती नको असेल तर बँड बघा, सहावी-सातवीत बऱ्याच शाळांत शून्यापासून वाद्य शिकवतात. मुद्दा एवढाच की दिवसातला एक तरी तास असा हवा जिथे तो भाषेमुळे सगळ्यांच्या मागे नसेल.

पुण्याची_बाई

मी तुमच्या अमेरिकेतली नाही. पुण्यात महापालिकेच्या शाळेत सहावी-सातवीला शिकवते. पण धागा वाचून राहवलं नाही.

माझ्या वर्गात दरवर्षी दोन-चार मुलं वर्षाच्या मध्ये येतात. बांधकामावरची बिहारची, तेलंगणाची, आणि सोसायटीच्या वॉचमनची नेपाळची. वयानुसार वर्गात घ्यायचं असा शिक्षण हक्क कायदा आहे, म्हणून बारा वर्षांचा मुलगा आला की सहावी-सातवीत बसतो, मराठी येवो न येवो.

दोन वर्षांपूर्वी नेपाळहून एक मुलगा आला. मी त्याला मराठीचा धडा वाचायला सांगितला आणि त्याने खाडखाड वाचला. माझ्या वर्गातल्या कितीतरी मराठी मुलांपेक्षा चांगला. मला आनंद झाला. याला वाचता येतंय म्हटल्यावर मी त्याच्याकडे लक्ष दिलं नाही. दोन महिन्यांनी चाचणीत त्याने प्रश्नच्या प्रश्न उतरवून ठेवले, उत्तर एकही नाही. तेव्हा माझ्या लक्षात आलं. नेपाळीची लिपी देवनागरीच आहे. तो अक्षरं वाचत होता. मराठी त्याला कळतच नव्हती, आणि दोन महिने तो माझ्यासमोर मोठ्याने वाचत होता. ते दोन महिने मला त्याला परत देता येत नाहीत.

सेमी इंग्रजीच्या मुलाचं असंच होत असेल. इंग्रजी वाचून दाखवायला सांगितलं तर तुमचा लेक नीट वाचेल. शिक्षकांना वाटेल येतंय. म्हणून त्यांना सांगा की वाचून घेतल्यावर ‘आता याचं चित्र काढ’ म्हणा, किंवा ‘यातलं कुणी काय केलं ते बोटाने दाखव’ म्हणा. मी आता नव्या मुलाला हेच करायला लावते. तोंडाने सांगायची सक्ती नाही.

त्या मुलाला मी मग वर्गातल्या सगळ्यांत बडबड्या मुलीशेजारी बसवलं. तिला नेपाळी येत नाही, त्याला मराठी येत नव्हती. ती सारखी खाणाखुणा करून त्याला सांगायची. शिकवण्यापेक्षा तिच्या शेजारामुळे जास्त झालं असं माझं मत आहे.

डॅलसचा_बाबा

ईएसएलच्या मॅडमनी दुसरी आणि सातवीतला फरक सांगितला तो पटला. तसा विचार मी केला नव्हता. एवढंच म्हणेन की मराठी सुरू करताना इंग्रजी ऐकणं बंद नको. रात्री अर्धा तास इंग्रजी गोष्टींचं ऑडिओ बुक, पुस्तक समोर ठेवून, आम्हाला खूप उपयोगी पडलं होतं. गावातल्या लायब्ररीत फुकट मिळतात.

कराडकर_आई

तीन आठवडे झाले, म्हणून कळवतेय.

मिस्टरांनी दुसऱ्याच दिवशी जेवताना त्याला सांगितलं, "माझं चुकलं, घरात पाहिजे तसं बोल." मला वाटलं होतं लगेच बोलायला लागेल. नाही लागला. चार-पाच दिवस तसाच, जणू खात्री करून घेत होता. मीही मागे लागले नाही. भाकरी करताना स्टूल नेहमीच्या जागी ठेवत गेले.

कुलूप आणलं. पहिल्या रात्री अकरा वेळा चुकलं, बाराव्या वेळी उघडलं. आता न बघता उघडतो, मला शिकवायचा प्रयत्न करतो आणि मला जमत नाही. दप्तरात जाकीट नसतं आता.

चिठ्ठी लिहिली. मिस्टरांनी इंग्रजी केली, मी विषयवार यादी केली. फोनवर मराठी दुभाषी बाई मिळाल्या, मी माझ्या तोंडाने सगळं विचारलं. सामाजिक शास्त्राच्या मॅडमनी चिठ्ठी तिथेच दोनदा वाचली. पुढच्या आठवड्यात त्यांनी त्याला कोरा नकाशा दिला आणि मराठीत भर म्हणाल्या. त्याने सगळा भरला, विषुववृत्त, कर्कवृत्त, सहारा, सगळं. मग शेजारच्या मुलाबरोबर बसून खाली इंग्रजी लिहिलं. तो नकाशा घरी आणलाय, फ्रिजवर लावलाय. वर्गात अजून बोलत नाही. ‘धिस’ मात्र म्हणतो.

ओहायोच्या भाऊजींचं वाचून मिस्टर स्वतः कोचला भेटले. अर्धा हंगाम झालाय, तरी या म्हणाले. पण डॉक्टरांच्या तपासणीचा फॉर्म भरून आल्याशिवाय गादीवर उतरता येत नाही. तोवर तो रोज सरावाला जाऊन बाजूला बसतो, शेवटी गाद्या पुसायला मदत करतो. परवा घरी येऊन हॉलमधली सतरंजी सरकवली आणि बापाचा पाय धरून दाखवायला लागला, इथे असं धरतात, आपल्याकडे असं. तेवढ्यात आजोबांचा फोन आला. त्यांनी विचारलं, माती कसली हाय रं तिथली? तर म्हणाला, "माती न्हाई, आजा, गादी हाय. निळी." पुढे पंधरा मिनिटं बोलत होता, आणि बापाकडे एकदाही बघितलं नाही.

आता एकच अडचण आहे. आमच्या डॉक्टरांची तारीख मार्चमधली मिळतेय, तोवर हंगाम संपेल. कोपऱ्यावरच्या वॉक-इन क्लिनिकची सही शाळा चालवून घेते का, कुणाला माहीत आहे?

भाषेचा_तास

उद्या सकाळीच शाळेच्या नर्सना फोन करा. हा फॉर्म त्यांच्याकडेच जातो, त्यामुळे कुणाची सही चालते ते त्याच सांगतील. मुलाला नेहमीचे डॉक्टर नसतील तर शाळेच्या डॉक्टरांकडून तपासणी करून द्यायची सोय न्यू जर्सीत आहे, तीही विचारा. आणि आधीच्या डॉक्टरांना फोन करून रद्द झालेल्या तारखांच्या यादीत त्याचं नाव टाकायला सांगा.